लग्नपत्रिकेवरून कापलेली प्लेट

देविदासभाऊ,

तुम्हाला जाऊन पाच दिवस झाले होते. तुमच्या दारासमोर सतरंजी टाकली होती आणि आम्ही दहा-बारा जण गुडघे जवळ घेऊन बसलो होतो. बोलण्यासारखं कुणाकडे फारसं नव्हतं. मग स्पेअर पार्टच्या दुकानाचे नामदेवराव म्हणाले, "शेवटी शेवटी हात गेल्ता देविदासचा. पण मानूस सोन्यासारखा."

चार-पाच माना हलल्या. भाऊ, माझीही हलली.

तुमचा हात, म्हणजे हातातलं कसब, गेलेलं नव्हतं हे त्या सतरंजीवर बसलेल्यांपैकी मला एकट्याला माहीत होतं. तरी मी मान हलवली, शेजारच्या घरून आलेला चहा प्यायलो, चपला घातल्या आणि घरी आलो. घरी आल्यावर अन्न गोड लागलं नाही असं लिहिलं तर बरं दिसेल, पण मी नीट जेवलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना आरशात मान वळवली, तेव्हा ती सतरंजीवरची मान आठवली आणि वस्तरा खाली ठेवावा लागला. आठ वर्षं जे तुम्हाला सांगायचं टाळलं ते आता सांगतो आहे. तुम्हाला ते माहीत होतं, हे मला माहीत आहे. तरीही सांगायला हवं होतं ते मीच.

मी तुमच्या शेडात पहिल्यांदा आलो तो गाडी ढकलत. प्रशिक्षण केंद्रात ड्रॉइंग आणि वर्कशॉप शिकवणारा मी, अंगावर इस्त्रीचा शर्ट, आणि माझी जुनी सेकंडहँड गाडी मागून एका बाजूला बसलेली. तुम्ही खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, गाडी धुता का? मी अभिमानानं सांगितलं, दर रविवारी, बोअरच्या पाण्यानं. तुम्ही उठून हात पुसले.

"आंघोळ घालू घालू मारली तुमी तिले."

मग तुम्ही मला गाडीखाली झोपायला लावलं आणि दाखवलं. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा डांबरी रस्ता तिच्याबरोबर लाटा घेतो. त्या लाटांवर मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे एक वेळ टिकतात, पण ते चेसिसला जिथे टांगलेले असतात तिथलं लोखंड फाटतं. त्यात बोअरचं खारं पाणी. लोक वरून गाडी चकाचक करतात आणि मीठ खाली जाऊन बसतं. कंपनीनं गाडी बनवताना मलकापूरचा रस्ता पाहिला नव्हता, असं तुम्ही म्हणायचे. आता पाहिला नाही तर नाही, आपण आहोत ना.

जे फाटायचं त्याला आधार देणाऱ्या प्लेटा तुम्ही स्वतः बनवायचे. भंगारातल्या ट्रकच्या चेसिसचं लोखंड घ्यायचे, आणि प्लेट आणि पाटा यांच्यामध्ये जिनिंगच्या जुन्या पट्ट्याचा रबरी तुकडा घालायचे. कापूस ओढून ओढून मऊ झालेला तो पट्टा नव्या रबरापेक्षा जास्त दिवस जायचा. तुम्ही त्या प्लेटेला ठिगळ म्हणायचे. मी तिला रीइन्फोर्समेंट म्हटलं तर तुम्ही हसायचे. म्हणायचे, एवढं लांब नाव घेईपर्यंत गाडी नांदुऱ्याला पोचते.

आणि तुमच्या पत्रिका. हे मी बाहेरच्या कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. प्लेट कापायच्या आधी तुम्ही तिचा नमुना जाड लग्नपत्रिकेतून कात्रीनं कापायचे, गाडीखाली धरून पाहायचे, पुन्हा कातरायचे. बसला की तो नमुना शेडाच्या मागच्या भिंतीवरच्या तारेत ओवून ठेवायचे. मागच्या कोऱ्या बाजूला सुताराच्या पेन्सिलीनं गाडी, गाव आणि काही सूचना. गणपतीचं चित्र तेवढं आधी कापून घ्यायचे आणि भिंतीला चिकटवायचे. देवाला गाडीखाली नेत नव्हते. पण वधूवरांना न्यायचे. तारेवर दीडशे-दोनशे जोडपी तरी होती. गिऱ्हाईक यायचं आणि तुम्ही विचारायचे, मागच्या वेळी तुमाले कोनती बसवली, वैशाली का सुनंदा? एकदा एका ड्रायव्हरनं सांगितलं की त्याच्या गाडीची प्लेट ज्या पत्रिकेवरून कापली होती ते जोडपं आता वेगळं राहतं. तुम्ही गंभीर चेहऱ्यानं म्हणालात, "मंग एकडाव वेल्डिंग तपासून घे." आम्ही दोघं किती तरी वेळ हसत होतो.

मी रोज दुपारी केंद्र सुटलं की तुमच्याकडे यायला लागलो. पहिल्या वर्षी तुम्ही मला सर म्हणायचे, नंतर मास्तर, आणि कधीतरी न कळत तू. "मास्तर, तू चित्र लय साफ काढते बे, पन चित्रातल्या गाडीले खड्डा लागत नाई." मी ट्रेसिंग पेपरवर काढून आणलेल्या एका डिझाइनमध्ये तुम्ही दुसऱ्या दिवशी चिवडा बांधून मला दिला होता. मी दोन दिवस रुसलो. तिसऱ्या दिवशी तुम्ही तेच डिझाइन लोखंडात बनवून माझ्यासमोर ठेवलं. एक वळणदार कडा माझी होती, बाकी सगळं तुमचं.

आपला खरा वाद आकाराचा होता. तुमची ठिगळं आंब्याच्या पानासारखी असायची, मध्ये रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळती. वेल्डिंग फक्त लांब बाजूंनी. टोकं तुम्ही मोकळी सोडायचे. मला ते अडाणीपणाचं वाटायचं. मी म्हणायचो, चौकोनी प्लेट घ्या, जास्त जाडीची, चारही बाजूंनी वेल्ड करा, जागा जास्त झाकली जाईल, ताकद जास्त येईल. मी आकडेमोड दाखवायचो. तुम्ही वहीकडे पाहायचेही नाहीत. तुमचं म्हणणं, ताकद आणायची नाही, जोर हळूहळू सोडायचा. लोखंडालाही हलायला जागा लागते. ती दिली नाही तर ते स्वतः करून घेतं.

पुस्तकात कोपऱ्यांबद्दल एक परिच्छेद आहे. चौकोनी कोपऱ्यात जोर साचतो, आडव्या वेल्डिंगच्या उष्णतेनं कडेचं लोखंड कडक होतं आणि भेग तिथूनच सुरू होते. तो परिच्छेद मी दर वर्षी वर्गात मोठ्यानं वाचून दाखवतो. तुमच्याशी वाद घालताना तो मला एकदाही आठवला नाही. तुम्ही तो न वाचता रोज लोखंडात लिहीत होता, हे दिसायला लागणारी नजर माझ्याकडे नव्हती.

आठ वर्षांपूर्वी तुम्ही तीन दिवसांसाठी वडनेर भोलजीला बहिणीकडे गेला होता. तिच्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं होतं. जाताना म्हणालात, सोनाळ्याचे पुंडलिकराव काल माप देऊन गेलेत, ते गाडी घेऊन आले तर थांबव, मी आल्यावर करतो. आणि एसटी पकडायला निघता निघता मागे वळून म्हणालात, "आन् लयच घाई असन त्याइले, तर नमुना तारेवर हाये. पाह्य."

पुंडलिकरावांना घाई होती. मुलीच्या सोयरिकीसाठी जाणं होतं आणि तारीख ठरलेली होती. मी थांबवू शकलो असतो. पण भाऊ, खरं सांगतो, तुम्ही नाहीत हे पाहून मला आनंद झाला होता. इतकी वर्षं जी चौकोनी प्लेट तुम्ही मला बनवू दिली नव्हती, ती आता बनवता येणार होती. मी तारेकडे गेलोही नाही. भंगारातली सगळ्यात जाड प्लेट निवडली, चौकोन कापला, चारही बाजूंनी वेल्डिंग केलं. वेल्डिंग सुंदर आलं. अजूनही ते आठवलं की क्षणभर अभिमान वाटतो, मग स्वतःची लाज वाटते.

पुंडलिकरावांनी खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, देविदासचे तीन ठिपके कुठे आहेत?

तुमच्या प्रत्येक प्लेटेवर तुम्ही सेंटर पंचानं, हातोडीनं ठोकायच्या त्या टोकदार हत्यारानं, तीन ठिपके मारायचे, एक वर आणि दोन खाली. सही म्हणा. ठिपके असल्याशिवाय लोक गाडी नेत नसत. मी म्हणालो, भाऊ बाहेर गेलेत, मी आहे ना. पुंडलिकराव म्हणाले, तुम्ही आहात हो सर, पण ठिपके पाहिजेत. तेवढ्यावर मी गाडी ठेवून घ्यायला हवी होती. मी काय केलं? ते टपरीवर चहाला गेले तेव्हा तुमचा पंच घेतला, तुमची हातोडी घेतली आणि गाडीखाली जाऊन तीन ठिपके मारले. एक वर, दोन खाली. ते परत आल्यावर म्हणालो, भाऊंनी आधीच करून ठेवली होती प्लेट, ठिपके ग्रीसखाली झाकले गेले होते.

सोयरीक जमली. परत येताना नांदुऱ्याच्या पुढे एका लाटेवर मागची बाजू निखळली आणि गाडी रस्ता सोडून हरभऱ्याच्या शेतात गेली. प्लेट जशीच्या तशी होती. तिच्या कोपऱ्यापासून चेसिस फाटलं होतं. पुंडलिकरावांच्या पत्नी सुमनताई मागच्या सीटवर होत्या. त्यांचं उजवं मनगट मोडलं. ते जुळलं, पण सरळ कधीच झालं नाही.

अपघातानंतर चौथ्या दिवशी पुंडलिकराव ती प्लेट कापून काढून, पिशवीत घालून तुमच्या शेडात आले. तुम्ही परतला होता. मी तिथेच स्टुलावर होतो. आणखी सहा-सात माणसं होती. पुंडलिकराव ओरडले नाहीत, ते जास्त वाईट होतं. प्लेट तुमच्या हातात ठेवून म्हणाले, "देविदास, तुये तीन ठिपके पाहून घरचे लोकं बसवले होते म्या गाडीत."

तुम्ही प्लेट उजेडात धरली. कोपरे पाहिले. मग ठिपक्यांवरून अंगठा फिरवला, एकदा, आणि परत एकदा. आणि माझ्याकडे पाहिलं. मी नोकरीत कायम होण्याची फाईल तेव्हा वरच्या टेबलावर होती आणि बाहेर असं काम करायला आम्हाला परवानगी नाही. मी हेच कारण पुढे कित्येक महिने स्वतःला देत राहिलो. पण त्या क्षणी फाईल डोक्यात नव्हती. त्या क्षणी फक्त भीती होती, वर्गात पकडलेल्या पोराची. मी माझ्या चपलांकडे पाहिलं.

"हाव," तुम्ही म्हणालात. "माह्यंच काम हाये."

तुम्ही डावखुरे होता. हातोडी डाव्या हातात, पंच उजव्या हातात. पंच किंचित उजवीकडे कलायचा आणि ठिपक्याच्या डाव्या काठाला लोखंडाची बारीक कड उठायची. अंगठ्याला लागेल इतकीच. मी उजवा. माझ्या ठिपक्यांना कड उजवीकडे उठते. हे मला कळलं ते कितीतरी दिवसांनी, वर्गात पोरांना पंच मारायला शिकवताना. तेव्हा तुमचा तो अंगठा आठवला आणि मी पोरांना लवकर सोडून दिलं.

तुम्ही पुंडलिकरावांची गाडी पुन्हा दुरुस्त करून दिली, पानासारख्या प्लेटा घालून. चौकोनी प्लेट ते पिशवीतून परत घेऊन गेले. त्यावर ठिपके मारले नाहीत. त्यानंतर कधीच मारले नाहीत. हळूहळू लोक पाट्यांचं काम दुसरीकडे न्यायला लागले आणि तुमच्याकडे खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं उरली. गावात एवढंच पसरलं होतं, देविदासचा हात गेला. मी रोज येत राहिलो. आधी भरपाई म्हणून येत होतो, मग सवयीनं. आणि तुम्ही मला परत सर म्हणायला लागलात. "बसा सर." "चहा घ्या सर." एवढी एकच शिक्षा तुम्ही मला दिलीत, तीही आठ वर्षांत एकदाही आवाज न चढवता.

आता जे लिहितो ते सगळ्यात अवघड आहे. त्या वर्षीपासून कोपऱ्यांचा परिच्छेद आला की मी फळ्यावर ती चौकोनी प्लेट काढतो आणि सांगतो, हे बघा, आपल्याच भागातल्या एका मेकॅनिकनं केलेलं गावठी काम. पोरं हसतात. आठ बॅचना मी हे सांगितलं आहे. त्यातले काही आज मलकापुरात गॅरेज चालवतात.

गेल्या महिन्यात तुम्ही खाटेवर होता. वहिनी पाणी आणायला आत गेल्या, तेव्हा तुम्ही डोळे उघडून विचारलंत, "सर, काई सांगाचं हाये काय?" मी म्हणालो, काही नाही भाऊ, तुम्ही आराम करा. तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं, तुम्हाला झोप लागली.

नवव्या दिवशी मी सोनाळ्याला गेलो. खिशात वर्गातला सेंटर पंच आणि हातोडी होती. पुंडलिकराव ओसरीवर बसले होते, सुमनताई संत्री निवडत होत्या. तुमची बातमी त्यांना कळलेली होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, सगळं, ठिपक्यांसकट. पुंडलिकराव ऐकत राहिले आणि मग त्यांनी मला खुर्ची दिली.

"गेलेल्या मानसाचं नाव धुवाले आले तुमी, सर. लय मोठं मन हाये तुमचं."

मी म्हणालो, नाही हो, खरंच मी केलं. ते म्हणाले, त्यानं स्वतः कबूल केलं होतं माझ्यासमोर, आता कशाला अंगावर घेता, आमचा काही राग राहिला नाही. भाऊ, माझ्या कबुलीला कुणी शिव्या देईल याची तयारी करून मी गेलो होतो. कुणी माझं कौतुक करेल याची नव्हती. तुमचं खोटं इतकं पक्कं बसलं होतं की माझं खरं त्यापुढे टिकत नव्हतं.

मी विचारलं, ती प्लेट आहे का अजून? सुमनताईंनी मानेनं दाखवलं. ओसरीवरच्या कूलरच्या एका पायाखाली ती होती, पाय खाली रुतू नये म्हणून. मी कूलर उचलून ती काढली. गंजलेली, पण ठिपके दिसत होते. ती उंबऱ्याच्या दगडावर ठेवली आणि जुन्या ठिपक्यांच्या शेजारी नवे तीन मारले. मग सुमनताईंना म्हणालो, अंगठा फिरवून पाहा, आधी जुन्यांवर, मग नव्यांवर. दोन्हींना कड उजवीकडे. आणि आता गाडी ओढायच्या मागच्या हुकावरच्या ठिपक्यांवर फिरवा, तो अपघाताच्या आधीचा आहे, देविदासभाऊंनी स्वतः केलेला.

गाडी अंगणातच होती. सुमनताई उठल्या. वाकडं मनगट सांभाळत डाव्या हाताचा अंगठा त्यांनी हुकावरच्या ठिपक्यांवर फिरवला. परत येऊन प्लेटेवर फिरवला. परत हुकावर. पुंडलिकरावांना काहीच कळत नव्हतं, त्या मात्र समजल्या होत्या.

"हे दोन हात हायेत," त्या नवऱ्याला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "माह्या हाताचं जाऊ द्या. तो मानूस आठ वर्सं फाटकं बनवत राह्यला. तवा काऊन नाई बोलले तुमी?"

फाईलचं कारण मी सांगितलं नाही. म्हणालो, भ्यालो.

पुंडलिकराव उठून आत गेले. परत बाहेर आलेच नाहीत. सुमनताईंनी प्लेट माझ्या पिशवीत टाकली. म्हणाल्या, कूलरखाली वीटही चालते, हे त्याच्या घरी न्या.

तेराव्याला मी ती पिशवी घेऊन तुमच्या घरी आलो. वहिनी मागच्या दारी होत्या. त्यांना सगळं सांगितलं. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, तरीच. इतकंच. त्या एका शब्दात त्यांच्या घरातल्या आठ वर्षांच्या किती संध्याकाळी होत्या, मला कल्पना नाही. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "मले एकटीले कायले सांगता? त्याइचं नाव चार लोकांत गेलं. चार लोकांत सांगा."

पंगत बसली होती. पानं वाढून झाली होती, कुणी घास घेतला नव्हता. मी उभा राहिलो आणि सांगितलं. जमलं तेवढं सरळ सांगितलं, कुणाच्या ठिपक्याची कड कुठल्या बाजूला उठते तेही. कुणीतरी म्हणालं, जेवू द्या ना सर लोकांना. नामदेवरावांनी हात पुढे केला आणि प्लेट मागितली. त्यांनी ठिपक्यांवर अंगठा फिरवला आणि प्लेट शेजाऱ्याकडे दिली. ती अशी पंगतीतून हातोहात गेली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. प्रत्येक जण अंगठा फिरवायचा आणि पुढे द्यायचा. एक जण माझा जुना विद्यार्थी होता, त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. त्यानं प्लेट बराच वेळ धरून ठेवली. फळ्यावरचं चित्र त्याला ओळखू आलं असणार. नंतर हात धुताना तो माझ्या शेजारून गेला, माझ्याकडे न पाहता. ते बरोबरच होतं. नामदेवराव जाताना वहिनींना म्हणाले की सतरंजीवर मी जे बोललो ते मागे घेतो. माझ्याशी ते बोलले नाहीत.

मला वाटलं होतं की एवढं केलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही, आणि तुमच्याकडून त्याची अपेक्षा ठेवायचा मला हक्कही नाही. तुम्ही होता तेव्हा शेडाच्या दारापासून तुमच्या खुर्चीपर्यंत बारा पावलं होती. ती चालायला मला सोनाळ्याहून फिरून यावं लागलं, आणि खुर्ची रिकामी झाल्यावर.

दुपारी वहिनींनी मला शेडात नेलं. जागा भाड्यानं द्यायची आहे. म्हणाल्या, हत्यारं घ्यायला माणूस येणार आहे, पण या पत्रिका कुणाला नकोत, रद्दीत जातील. तुम्हाला हव्या तर न्या. मी तार सोडवून सगळ्या पत्रिका मांडीवर घेतल्या. वैशाली, सुनंदा, चित्रा, कापलेले छापील शालू-शेल्यांचे काठ, अर्धवट राहिलेले मुहूर्त. एकेक उलटी करून मागचं वाचत गेलो. चिखलीची जीप. जळगाव जामोदची काळी-पिवळी टॅक्सी, रबर दुप्पट घालणे.

मग ती आली. सोनाळा, पुंडलिकराव. पानासारखी, दोन्ही टोकं निमुळती, कात्रीनं पुन्हा पुन्हा कातरलेली. तुम्ही जायच्या आदल्या दिवशी करून ठेवलेली. मी जिच्याकडे गेलोच नव्हतो ती. मागे सुताराच्या पेन्सिलीत, तुमच्या मोठ्या अक्षरात तीन ओळी होत्या:

मास्तर, कोपरे नको.
बाकी तुह्या मनानं कर.
ठिपके तू मार.

भाऊ, मी त्या तीन ओळी किती वेळा वाचल्या ते आता विचारू नका. तुम्ही मला अडवलं नव्हतं. तुम्ही मला गाडी दिली होती, जाडी, रबर, वेल्डिंग सगळं माझ्या मनावर सोडलं होतं, फक्त कोपरे तेवढे काढून घेतले होते. आणि जे ठिपके मी चोरून मारले ते तुम्ही मला आधीच देऊन ठेवले होते. मी तारेपर्यंत गेलो नाही, एवढंच. प्लेट हातात घेऊन तुम्ही माझ्याकडे पाहिलं तेव्हा तुम्हाला हे सगळं दिसलं असणार. मी दिलेलं त्यानं चोरून का घेतलं, असं वाटलं असेल का तुम्हाला? की फक्त वाईट वाटलं असेल? हे आता कुठेच कळणार नाही.

सोमवारी वर्गात कोपऱ्यांचा परिच्छेद नव्हता, तरी मी तो घेतला. टेबलावर दोन वस्तू ठेवल्या. चौकोनी प्लेटेबद्दल सांगितलं, ही मी बनवली. पत्रिकेबद्दल सांगितलं, ही देविदासभाऊंनी. आज कुणी हसलं नाही. मग पत्रिकेवरून नमुना आखून भंगारातल्या लोखंडातून एक प्लेट कापली, पानासारखी, आणि कडा घासून गुळगुळीत केल्या. ती कुठल्या गाडीला लागणार नाही, पुंडलिकरावांची गाडी तुम्ही केव्हाच नीट केली आहे. एका पोरानं पंच आणि हातोडी माझ्यासमोर आणून ठेवली.

मी पंच प्लेटेवर टेकवला. एक वर, दोन खाली. यावेळी तुम्ही सांगितलं होतं म्हणून मारले. कड उजवीकडेच उठली.